खनिजांची खोली

४ मार्च, मंगळवार

गळ्याच्या डॉक्टरांनी आज माझं बोलणं बंद केलं. पूर्ण. कुजबुजसुद्धा नाही — "कुजबुजणं ओरडण्याहून वाईट, बाई." पुढच्या तपासणीपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. हौस म्हणून नव्हे. जन्मभर मी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत आले. ते सगळं आता आत साठून राहिलं तर मी फुटेन.

गाठ काढून महिना झाला. थायरॉइडची. गंमत बघा — कुणाला सांगतेय 'बघा'? कागदाला! — वाढीच्या डुकरांना आयोडीन किती लागतं ते मी कॉलेजात घोकलं, नंतर इतकी वर्षं मोजून घातलं, आणि गाठ आली ती माझ्या गळ्यात. गाठ साधी निघाली. पण स्वरयंत्राची एक पट्टी हलत नाही. "हलेल," डॉक्टर म्हणाले. मग खिडकीकडे बघून, "कधी कधी हलते."

शिवाय कॅल्शियम घसरलंय. बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती येतात. दिवसातून तीन वेळा गोळी. "एका वेळी एकच हं. जास्त घेतली म्हणून लवकर बरं वाटत नाही." हे त्यांनी मला शिकवावं!

घरी आले तर भाऊजी दारातच. डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे वहिनी, अजिबात नाही? अरे वा! — म्हणजे, अरेरे."

५ मार्च, बुधवार

घरात तीन माणसं. मी, माझे धाकटे दीर आणि माझी सून. हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला — वारला नाही, निघून गेला. दुसरीकडे संसार थाटलाय म्हणतात. तो गेला त्या आठवड्यात भाऊजी सुनेला म्हणाले, "नवरा सांभाळता आला नाही, ही डुकरं सांभाळणार!" त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. मग तेही तिच्याशी बोलत नाहीत. सगळा कारभार माझ्यामार्फत. "आई, काकांना सांगा, मका संपत आलाय." काका समोरच बसलेले! "वहिनी, तिला सांगा, मला कान आहेत."

आता मधली तार तुटली. दोघंही सवयीने माझ्याकडे बघून बोलतात. मी मान हलवते. बोलणं माझ्यापाशी येऊन थांबतं, पुढे जात नाही.

भाऊजींना डुकरं काढून टाकायची आहेत. गुडघे गेलेत त्यांचे, बादल्या उचलवत नाहीत. शेड गोदामाला द्यायचं मनात आहे. सून ऐकत नाही. शेवटी ठरलं ते असं — ही वाढीची तुकडी काटेवाला घेऊन गेला तर पुढची पिल्लं आणायची. नाही घेतली तर शेड बंद. काटेवाला म्हणजे आमचा खरेदीदार. काटा स्वतःचा आणतो, आमच्या काट्यावर विश्वास नाही.

शेड बंद झालं तर सून इथे कशाला राहील? तिने सरळ सांगितलंय, "मग मी भावाकडे जाईन, आई." मी म्हटलं होतं, "जा." दुसरं काय म्हणणार होते?

८ मार्च, शनिवार

दवाखाना, मग जखमेत पू, मग अंथरूण — इतक्या दिवसांनी आज प्रथमच शेडवर गेले. जायला नको होतं असं वाटलं.

पायांवर खपल्या. पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल ठिपके. कानांवर, डोळ्यांभोवती, शेपटीच्या बुडाशी जाड तपकिरी साल. वाळलेल्या चिखलासारखी, मध्ये चिरा. वयाच्या मानाने अंगही भरलेलं नाही. पुढारी म्हणून आमचं एक धटिंगण आहे, खाद्य पडलं की सगळ्यांना ढकलून पहिला येतो. तो भिंतीला टेकून उभा.

भाऊजी म्हणाले, "खरूज." सून म्हणाली, "आई, मी दोनदा औषध फवारलं. फरक नाही."

मी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली — 'पेंढा वेळेवर बदलला नाहीस. शेड झाडलं नाहीस. म्हणून.' तिने वाचली. घडी घातली. एप्रनच्या खिशात ठेवली. बोलली काही नाही. हल्ली या घरात न बोलण्याची साथच आलीय.

९ मार्च, रविवार

पुढारी आज सगळ्यांच्या शेवटी खायला आला. दोन घास खाऊन परत गेला.

१२ मार्च, बुधवार

डुकरांचे डॉक्टर आले. तरुण आहेत, पण हात हलका. पुढाऱ्याच्या कानामागची साल खरवडून काचपट्टीवर घेतली. खरजेचे किडे दिसतात का ते बघून कळवतो म्हणाले. मी हातवारे करून काहीतरी विचारायला गेले तर सुनेकडे वळून म्हणाले, "आजींना ऐकू येत नाही का?"

आजी! ऐकू सगळं येतं, बाबा. तेच तर दुःख आहे.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी फोन वाजला. घरात कुणी नव्हतं, मी उचलला. मुलगा. कित्येक महिन्यांनी.

"हॅलो? आई? हॅलो?"

मी तोंड उघडलं, मिटलं. फुलपात्रावर चमचा वाजवला. दोनदा वाजवला. आणखी काय करणार?

"हॅलो? … रेंज नाही वाटतं." ठेवला.

परत केला नाही.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरांचा निरोप आला. काचपट्टी स्वच्छ. किडे नाहीत. "पुन्हा एकदा बघू," म्हणाले.

मी उलटी बादली ठेवून कप्प्यासमोर बसले, चहा थंड होऊन त्यावर माशी पडेपर्यंत. एकसुद्धा डुक्कर अंग घासत नव्हतं! खरूज असती तर भिंतीचा गिलावा निघाला असता. आणि खपल्या दोन्ही बाजूंना सारख्या. डाव्या पायावर जिथे, उजव्या पायावर तिथेच. किडे असे मोजूनमापून चालत नाहीत. हे आतून आलंय.

डोळ्यांसमोर पुस्तकाचं एक पान आलं. काळंपांढरं चित्र — असंच साल धरलेलं पिल्लू, शेजारी एक निरोगी. सरांनी छडीने त्यावर टकटक केलं होतं. "हे बघा. कातडीचा रोग समजून माणसं औषधं चोळत बसतात, आणि याला हवं असतं चिमूटभर जस्त." वर्गात दीडशे मुलगे आणि आम्ही दोघी. मुलगे हसले. कशाला हसले देव जाणे.

पण जस्त, म्हणजे झिंक, तर पडतं! मीच घालून दिलेली पद्धत आहे. एकदा मीठ दोनदा पडलं होतं, तेव्हापासून खनिजांच्या खोलीत नियम — मी नाव पुकारायचं, घालणाऱ्याने घातल्यावर ओरडून सांगायचं. त्याशिवाय फावडं फिरवायचं नाही.

"मीठ?" "पडलं!"
"चुनखडी?" "पडली!"
"डीसीपी?" "पडलं!"
"पुडा?" "पडला!"
"झिंक?" "पडलं!"

डीसीपी म्हणजे फॉस्फरस-कॅल्शियमची पूड. पुडा म्हणजे तयार मिश्रण — लोह, तांबं, मँगनीज, आयोडीन. झिंक त्यातही असतं, पण मका आणि सोयापेंड ते घट्ट धरून ठेवतात, डुकराच्या अंगी लागू देत नाहीत. म्हणून आमच्याकडे त्याचा डबा वेगळा. क्विंटलभर खाद्याला मूठभरही लागत नाही. पण लागतं.

तेव्हा झिंक नव्हे. दुसरं काय? सुचत नाही. डोकं चालेनासं झालंय, की आवाजाबरोबर तेही काढून घेतलं डॉक्टरांनी?

१८ मार्च, मंगळवार

सापडलं. आणि सापडून उपयोग काय, ते कळत नाही.

सकाळी सुनेने कॅल्शियमची गोळी आणून दिली, पाण्याचं भांडं दिलं. मी घेतली. थोड्या वेळाने भाऊजी दुसरी गोळी घेऊन हजर. "वहिनी, घ्या. तुमच्या सूनबाईंना आठवण कुठली राहायला!" रोज हेच. तिन्ही वेळा हेच. 'झाली' असं सांगायला तोंड नाही, मान हलवली तर वाटतं मी औषधाला नाही म्हणतेय. म्हणून दुसरी गोळी घेते आणि ते पाठमोरे झाले की खणात टाकते. चिठ्ठी लिहिली तर म्हणतील, सुनेची बाजू घेतली. वाद नको.

आज सुई शोधायला खण ओढला तर गोळ्यांचा खच! पांढऱ्याशुभ्र. बघत उभी राहिले. मी गिळत गेले असते तर? दोन माणसं, दोघंही काळजीने, एकमेकांना न विचारता —

तशीच उठून खनिजांच्या खोलीत गेले. चपलाही घातल्या नाहीत.

झिंकचा डबा फळीवर. दवाखान्यात जायच्या आधी मी स्वतः आणून ठेवलेला. झाकणावरची कागदी पट्टी जशीच्या तशी. नखसुद्धा लागलेलं नाही! आणि कोपऱ्यात चुनखडीची रिकामी पोती नीट घड्या घालून ठेवलेली, एकावर एक. लागायला हवी होती त्याच्या दुप्पट.

१९ मार्च, बुधवार

दोघांना खोलीत बोलावलं. बोलावलं म्हणजे हात धरून आणलं. डबा दाखवला, पोती दाखवली.

सून माझ्याकडे बघून म्हणाली, "चुनखडी मी घालते, आई. सकाळी, मका ओतल्या ओतल्या. काका विसरतात."

भाऊजी माझ्याकडेच बघून म्हणाले, "चुनखडी मी टाकतो, वहिनी. ढीग उलटायच्या आधी. ती कुठे टाकते?"

"आणि झिंक काका बघतात ना?"

"झिंकचा डबा तुम्ही तिला दाखवला होतात. मी हात लावला नाही. मला काय माहीत, बाई!"

मला समजून घ्यायला काहीच उरलं नव्हतं. पूर्वी मी पुकारलं की कुणीतरी एकजण ओरडायचा, दुसऱ्याला ते ऐकू यायचं. मी दवाखान्यात गेले, घसा बसला, पुकारा बंद झाला. हे दोघं एकाच ढिगाभोवती फावडी घेऊन मुक्याने फिरत राहिले. जे दोघांना महत्त्वाचं वाटलं ते दोनदा पडलं. जे दोघांना दुसऱ्याचं वाटलं ते एकदाही नाही. बाकीचं वाचलं. मीठ भाऊजी घरूनच मोजून नेतात, तिथे दुसऱ्याला वाव नाही; डीसीपी आणि पुडा पहिल्यापासून सुनेकडेच.

आणि नुसतं झिंक राहिलं असतं तरी पुड्यातल्या चिमटीभरावर कसंबसं भागलं असतं. जादा चुनखडीने त्याचीही वाट अडवली. हाडं मजबूत व्हावीत म्हणून घातलेल्या कॅल्शियमने कातडी खाल्ली. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. मला कळायला इतके दिवस लागले.

डुकरांच्या डॉक्टरांना सुनेने फोन केला. ते लगेच म्हणाले, "अगदी बरोबर जुळतंय. मीही खाद्याचं विचारायला हवं होतं. झिंक सुरू करा, चुनखडी थांबवा. दोन-तीन आठवड्यांत साल गळेल." आजींना नमस्कार सांगा म्हणाले. ऐकू येतं आजींना, असं तिने सांगितलं.

दोन-तीन आठवडे. काटेवाल्याचं काय?

२० मार्च, गुरुवार

उरलेला ढीग टाकवेना. बिनचुनखडीचा मका आणि पेंड मिसळून पातळ केला. झिंक आधी पसाभर कोंड्यात कालवलं, तो कोंडा घमेलंभर मक्यात, तो मका ढिगात. एकदम टाकलं तर एका डुकराला सगळं आणि बाकीच्यांना वारा.

पुकारायचं कसं? पळी आणि परात घेऊन दारात उभी राहिले. एक टोला मीठ, दोन टोले डीसीपी, तीन टोले पुडा, चार टोले झिंक. एक टोला मारला. कुणी बोलेना. पुन्हा मारला. भाऊजी खांबाला म्हणाले, "सांगा तिला, मीठ पडलं." तीन टोल्यांना सून फावड्याला म्हणाली, "पुडा पडलाय म्हणावं."

खांबाशी बोलतील, फावड्याशी बोलतील! एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. मी परात आपटली. भाऊजी दचकले. "मुक्या झाल्यात तरी धाक तोच," म्हणाले.

चार टोल्यांना दोघंही एकदम "पडलं" म्हणाले आणि दोघंही चिडले.

२७ मार्च, गुरुवार

डुकरं खाद्यावर तुटून पडू लागली. पुढारी पुन्हा ढकलाढकली करतोय. पण साल तशीच आहे. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? सालच.

सून रोज त्यांना कोमट पाण्याने पुसते. उपयोग नाही हे तिला माहीत आहे. मी चिठ्ठी लिहिली, 'कशाला वेळ घालवतेस?' म्हणाली, "हात स्वस्थ बसत नाहीत, आई."

माझ्याही बोटांच्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

काटेवाला आला. ठरल्याच्या बराच आधी. दुसरीकडची गाडी अर्धी रिकामी राहिली म्हणे.

कप्प्याच्या फळीवर हात टेकून त्याने एकच नजर टाकली. "काय हो हे? खरूज?"

सुनेने डॉक्टरांचा कागद दाखवला, सगळं समजावलं. छान समजावलं. मी तसं समजावलं नसतं, मी त्याला वेडा ठरवलं असतं. त्याने नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही.

"ताई, तुमचं शंभर टक्के खरं असेल. पण गाडीत आणखी तीन घरची डुकरं आहेत. उतरवताना पुढचा माणूस कातडी बघणार. तिथे मी प्रत्येकाला हा कागद वाचून दाखवू?"

"आठवडाभर थांबाल? साल गळतेय. हे बघा, इथे खाली नवीन कातडी —"

"ठरलेली फेरी आता हीच धरलीय. आठवड्याने पुन्हा या बाजूला येणं नाही."

तेव्हा मी बोलायला गेले. बंदी, डॉक्टर, पट्टी, सगळं विसरले. तोंड उघडलं, जोर लावला. गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला. शब्द नाहीच. काटेवाला मागे सरकला. डुकरंसुद्धा क्षणभर गप्प झाली. सुनेने माझा दंड धरला. भाऊजींनी मान खाली घातली.

त्याने काटा गाडीतून उतरवलाच नाही.

३ एप्रिल, गुरुवार

शेड बंद करायचं. भाऊजींनी बोलून दाखवलं नाही. ठरलेलंच होतं.

७ एप्रिल, सोमवार

गळ्याचे डॉक्टर. नाकातून नळी घालून पाहिलं. पट्टी हलत नाही. "आता हलेल असं मी सांगणार नाही," म्हणाले. काही महिन्यांनी थोडं बोलता येईल — वारा सुटल्यासारखं, जवळच्याला ऐकू जाईल इतपत. ओरडणं मात्र विसरायचं.

मी चिठ्ठी लिहिली — 'शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत?'

त्यांनी वाचली आणि मान हलवली. चिठ्ठी मला परत दिली. घड्या घालून, जपून. जशी काही महत्त्वाची होती.

माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. ना रूप, ना गोड स्वभाव. आवाज होता. त्याच्या जोरावर घर, डुकरं, नवरा, मुलगा, सगळं हाकलं. मुलगा तर इतका हाकलला की गेलाच.

११ एप्रिल, शुक्रवार

गोदामवाला फीत घेऊन आला होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापं घेतली. डुकरं मध्ये मध्ये येत होती तर म्हणाला, "हे कधी हलणार?" भाऊजी म्हणाले, "बघू." चिडकेच म्हणाले. फायदा त्यांचा, मग चिडायला काय झालं?

आणि काय सांगावं — साल गळतेय! खपल्यांच्या खपल्या. पुढाऱ्याची पाठ अर्धी मोकळी झाली. खाली गुलाबी, कोवळी, नव्याने जन्मल्यासारखी कातडी. नऊ दिवसांपूर्वी हेच दिसलं असतं तर. आता कुणाला दाखवू? गोदामवाल्याला?

सुनेच्या खोलीत बॅग उघडी दिसली. मंगळवारी भाऊ गाडी घेऊन येणार आहे.

१३ एप्रिल, रविवार

सून भांडी पुसत होती. मी चिठ्ठी दिली — 'तुझी चूक नव्हती.'

तिने एप्रनच्या खिशातून जुनी चिठ्ठी काढली. पेंढ्याची, झाडलोटीची. इतके दिवस ठेवली होती! दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी मांडल्या. म्हणाली, "निम्मी होती, आई. चुनखडी मी घातलीच ना. निम्मी काकांची."

मग पुसून झालेलं भांडं पुन्हा पुसत म्हणाली, "रागावू नका. पण तुम्ही मध्ये नसता ना, तर आम्ही दोघं भांडलो तरी असतो. एकदा कडकडून भांडलो असतो आणि मोकळे झालो असतो. तुम्ही दोन वर्षं इकडचं तिकडे इतकं व्यवस्थित पोचवलंत की आम्हाला बोलायची गरजच पडली नाही."

मला राग आला. खूप आला. चिठ्ठी लिहायला घेतली, पेन्सिलीचं टोक मोडलं. मी नसते तर या घरात मीठसुद्धा — मी पुकारलं म्हणून तर —

लिहिलं नाही. खोलीत येऊन बसले.

१४ एप्रिल, सोमवार

विचार केला. माणसाला गोळी हवी होती एक. या दोघांनी दोन हातांनी दिली. मीही तसंच केलं की काय? जादा झालं ते मीच होते? चुनखडीसारखी — मजबुतीसाठी म्हणून घातलेली, आणि दुसऱ्या कशाची तरी वाट अडवून बसलेली.

असो. आता कळून काय! उद्या दुपारी तिची गाडी येणार. सकाळचं खाद्य मात्र कालवावं लागणार. बंद करायचं ठरलं म्हणून डुकरांची भूक थोडीच बंद होते?

मी जाणार नाही. पळी-परात खोलीत ठेवणार नाही. डबा काढून ठेवीन, तराजू पुसून ठेवीन, आणि विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसेन. काय घालायचं ते घाला, नाही तर नका घालू. माझा हात उठत नाही आता.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी कट्ट्यावर बसले होते. दोघं खनिजांच्या खोलीत. फावड्यांचा आवाज, मग तोही थांबला. आणि मग सून ओरडली. ओरडली! शेडच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. "काका, मीठ?"

काही नाही.

"काका! मीठ?"

"कान आहेत मला. पडलं."

झिंकपर्यंत सगळं झालं. नंतर दोघं भांडले. नवरा सांभाळण्यावरून, गुडघ्यांवरून, गोदामावरून, दोन वर्षांचं सगळं. डुकरं घाबरली. शेवटी भाऊजी म्हणाले, "बादल्या तू उचल, दुसरा खरेदीदार मी शोधतो." दुपारी भावाची गाडी आली, चहा पिऊन रिकामी परत गेली. भाऊजींनी गोदामवाल्याला फोन करून मापं विसरायला सांगितली.

आज दिलं ते असं — खोलीची किल्ली, छोटा तराजू, झिंकचा डबा, पट्टी फोडलेला. देणार मी, घेणार सून, साक्षीला भाऊजी. प्रत्येक वस्तू हातात पडली तसं तिने मोठ्याने नाव घेतलं.

आणि माझ्या कॅल्शियमच्या गोळ्यांची डबी. तीही तिच्याकडेच. एकाच हातात.